शाळेच्या भिंतीवरचं शेकरू: रंग तीन, स्टेन्सिल चार

शाळेचं नाव, माणसांची नावं आणि ओळख पटेल असे बारीक तपशील मी गाळले आहेत. बाकी जे घडलं ते तसंच लिहिलं आहे. अनेक रंगांचं स्टेन्सिल, म्हणजे कापलेल्या साच्यांतून रंग फवारून उठवलेलं चित्र, पहिल्यांदा करताना आमची जिथे चूक झाली, तिथे बऱ्याच जणांची होते. ती चूक स्प्रेचा डबा हातात घेण्याच्या आधीच होऊन गेलेली असते, म्हणून हे सविस्तर मांडते आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात कोथरूडकडच्या एका प्राथमिक शाळेला रस्त्याच्या बाजूने लांबलचक कुंपणभिंत आहे. मधल्या खांबांमुळे तिचे आपोआप बारा खण पडलेत. प्रत्येक खण साधारण पाच फूट रुंद. वर्षानुवर्षं तिथे क्लासच्या जाहिराती चिकटवल्या जायच्या. डिसेंबरअखेर स्नेहसंमेलन होतं आणि त्याआधी ही भिंत बोलकी करायची, असं मुख्याध्यापिका बाईंच्या मनात होतं. चौथीच्या मुलांनी त्या वर्षी भीमाशंकरच्या सहलीनंतर शेकरूवर प्रकल्प केला होता. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आणि भीमाशंकर अभयारण्य आपल्याच जिल्ह्यातलं. १९८५ साली ते जाहीर झालं तेही मुख्यतः याच प्राण्यासाठी. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. एक खण सोडून एक अशी सहा शेकरं आणि बाराही खणांतून सलग धावणारी एक फांदी, असं ठरलं.

मोठं शेकरू नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ मीटरभर भरतं. बाईंचा आग्रह होता की भिंतीवरचं शेकरू खऱ्या मापाचंच हवं. मुलांनी ते झाडावर उंच, मुठीएवढं पाहिलेलं असतं. शेजारी उभं राहिल्यावर कळतं, की ते आपल्या कमरेपर्यंत येतं. मला हा आग्रह फार आवडला आणि पुढचे सगळे निर्णय त्या मापाभोवतीच फिरले.

आम्ही चौघं होतो. मी, शाळेचे चित्रकलेचे सर, कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि शाळेच्या पाट्या, फळे, बाकांवरचे नंबर गेली कित्येक वर्षं रंगवणारे पेंटर काका. काकांना मी सुरुवातीला फक्त भिंतीला हात मारायला, म्हणजे खालचा रंग द्यायला बोलावलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

परवानगीचं आधीच उरकलं. सार्वजनिक ठिकाणाहून दिसणाऱ्या भिंतीवर काही रंगवायचं तर मालकाची लेखी संमती हवी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. भिंत शाळेची असली तरी संस्थेचं पत्र फाइलला लावूनच आम्ही कामाला लागलो. ज्या फोटोवरून शेकरू काढायचं होतं तो एका शिक्षिकेच्या यजमानांनी काढलेला होता, तोही त्यांना विचारूनच घेतला.

पहिला प्रयत्न आणि नेमकी अडचण

तोवर माझं बहुतेक काम एकरंगी स्टेन्सिलचं होतं. एकरंगी कामात डोकं सगळं ‘बेटां’वर खर्च होतं. कापलेल्या भागाच्या मध्ये न कापलेला तुकडा राहिला, उदाहरणार्थ ‘ठ’च्या पोटातली मोकळी जागा, तर तो गळून पडतो. म्हणून त्याला बाजूच्या शीटशी जोडणारे बारीक ‘पूल’ ठेवावे लागतात. अनेक रंगांत ही कटकट बरीच कमी होते, पण दुसरीच सुरू होते: एकावर एक शीट नेमकं त्याच जागी बसवणं.

मी फोटो संगणकावर घेतला. गिम्प या प्रोग्रॅममध्ये पोस्टराइझ करून छटा चारवर आणल्या आणि मग इंकस्केप या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ट्रेस केला, म्हणजे प्रत्येक छटेचा कापण्याजोगा आकार काढून घेतला. इंकस्केपच्या ट्रेसमध्ये ‘स्टॅक’ नावाचा एक पर्याय असतो. तो चालू असला की खालच्या छटेचा आकार वरच्या छटेच्या खालूनही पसरलेला मिळतो. बंद केला की प्रत्येक छटा आपापल्या हद्दीत, फरशीला फरशी भिडवावी तशी मिळते. मी तो बंद केला. तेव्हाचं माझं गणित असं होतं, की रंगावर रंग कशाला चढवायचा, डबे वाचतील आणि थर पातळ राहील. संगणकाच्या पडद्यावर ते चित्र इतकं स्वच्छ दिसत होतं की शंका यायला जागाच नव्हती.

चार छटांची चार शीटं आणि डोळ्यातल्या ठिपक्याचं पाचवं. आर्किटेक्ट लोक नकाशे छापायला जातात तशा प्लॉटरवाल्याकडून ए-शून्य मापाचे प्रिंट काढले. अप्पा बळवंत चौकातून तीनशे जीएसएमचा जाड कार्डपेपर आणि कटरची पाती आणली. चार संध्याकाळी आम्ही तिघं कापत बसलो.

चाचणीसाठी शाळेच्या मागची, पाण्याच्या टाकीजवळची भिंत निवडली. रविवारी सकाळी आठला सुरू केलं. दुपारी एकला जे समोर होतं ते पाहून कोणी काही बोलेना.

पोटाचा फिकट रंग आणि पाठीचा विटकरी यांच्यामध्ये एका बाजूने भिंतीची हिरवी रेघ उघडी पडली होती, केसापासून बोटाच्या पेरापर्यंत वाढत जाणारी. दुसऱ्या बाजूने तेच दोन रंग एकमेकांवर चढून मळकट पट्टा झाला होता. डोकं अंगापासून सुटल्यासारखं वाटत होतं. कडा तर सगळ्याच फुललेल्या. सँडफेस प्लास्टरच्या रवाळ भिंतीवर कार्ड चिकटून बसतच नव्हतं, मधल्या फटींतून रंगाची वाफ आत शिरत होती. आणि तिसऱ्या शीटपर्यंत कार्ड रंग पिऊन कडांना वळलं होतं, पापड भाजताना वळतो तसं.

यातलं कुठलं दुखणं मूळचं आणि कुठलं त्यातून आलेलं, हे वेगळं करायला आम्हाला तो पूर्ण दिवस लागला. फुललेल्या कडा भिंतीमुळे आणि कागदामुळे होत्या, त्या सुधारता येण्यासारख्या होत्या. रेघेचं तसं नव्हतं. सरांनी खडूने जमिनीवर हिशोब मांडला. नव्वद सेंटिमीटर लांबीचं शीट एका टोकाला धरून फक्त एक अंशाने फिरलं, तर दुसरं टोक दीड सेंटिमीटरने सरकतं. अर्ध्या अंशाने फिरलं तरी आठ मिलिमीटर. उभ्या, रवाळ भिंतीवर, शिडीवरून, चिकटपट्टीने लावलेलं शीट पाच वेळा अर्ध्या अंशाच्या आत बसवायचं आणि असं सहा खणांत करायचं. म्हणजे चित्राची फोडच, कुठला रंग कुठल्या शीटवर ही वाटणीच, अशी केली होती की ती हाताने साधणं शक्य नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली, ती सांगायलाच हवी. आम्ही तोंडाला स्कार्फ गुंडाळले होते, पुण्यात गाडीवर गुंडाळतो तसे. दुपारी त्या मुलीचं डोकं भयंकर दुखायला लागलं आणि मळमळ सुरू झाली. स्कार्फ किंवा साधा मास्क स्प्रेच्या द्रावकाची वाफ अडवत नाही. एन-९५ मास्कसुद्धा फक्त कण अडवतो, वाफ नाही. त्याला सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिजवाला मास्कच लागतो. हे मला माहीत होतं आणि एका दिवसाचं तर काम, म्हणून मी चालवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी बोहरी आळीतून तीन मास्क आणले. पहिल्या दिवशीच आणायला हवे होते.

समोर असलेले पर्याय

सोमवारी बाईंच्या खोलीत बसलो. स्नेहसंमेलनाला पंधरा दिवस होते.

बाईंनी पहिल्यांदा फ्लेक्सचं विचारलं. छापून आणा, ठोका, झालं. खरं तर हा पर्याय सर्वांत स्वस्त आणि निश्चित होता. पण दोन पावसाळ्यांत फाटलेला फ्लेक्स त्याच भिंतीवर लोंबताना सगळ्यांनी पाहिला होता. बाईंनी स्वतःच तो मागे घेतला.

दुसरा पर्याय काकांच्या हाताने सहाही शेकरं थेट रंगवून घेण्याचा. काका म्हणाले, “मला दोन दिवस पुष्कळ झाले.” ते बढाई मारत नव्हते. भिंत नुसती वेळेत पुरी करायची असती तर हेच करणं शहाणपणाचं होतं आणि मी ते बाईंना तसं सांगितलंही. अडलं ते बाईंच्या दुसऱ्या इच्छेपाशी. त्यांना साचे शाळेकडे राहायला हवे होते. पुढच्या वर्षी मुलांनी ते कापडावर, स्पंजने, पाण्याच्या रंगात वापरावेत, रांगोळीचे छाप वापरतात तसे. स्टेन्सिल करायचं खरं कारण भिंत नव्हतंच, हे मला त्या बैठकीत पहिल्यांदा नीट कळलं.

तिसरा, एकच रंग ठेवून काळी आकृती. सोपं, देखणं, खात्रीचं. पण विटकरी पाठ, काळपट खांदे आणि फिकट पोट हीच शेकरूची ओळख. रंग काढले तर उरते ती कुठलीही खार.

चौथा पर्याय, फोड नव्याने करायची. त्यात धोका हा, की दुसरी चाचणी फसली तर काही करायला वेळ उरणार नव्हता. म्हणून एक अट घातली. शनिवार संध्याकाळपर्यंत एक शेकरू मनासारखं उतरलं नाही, तर रविवारी काका ब्रश घेतील आणि त्यावर पुन्हा चर्चा होणार नाही. ही मुदत ठरल्यामुळे पुढचा आठवडा आम्ही डोकं शांत ठेवून काम करू शकलो.

चित्राची फोड नव्याने

निघताना काका टाकीजवळच्या त्या भिंतीपाशी थांबले. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “ताई, तुम्ही अंगाला भोकं ठेवून कपडे शिवलेत. आधी सगळं अंग रंगवा. मग त्यावर सदरा, मग त्यावर कोट. पाटीवर आम्ही अक्षर असंच काढतो. सावली आधी, अक्षर वरून.”

मी जो ‘स्टॅक’ पर्याय बंद केला होता, त्याचीच ही गोष्ट होती. फक्त काका ती हातातून बोलत होते.

त्या रात्री फोड पुन्हा केली, या वेळी संगणकाच्या भरवशावर न सोडता ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने. पहिलं शीट म्हणजे शेकरूची संपूर्ण आकृती, आत काहीही न सोडता, नाकापासून शेपटीपर्यंत एकच मोठं भोक. त्यात फिकट आयव्हरी. दुसरं शीट पोट, गाल आणि पायांची आतली बाजू झाकणारं, बाकी सगळं उघडं. त्यात विटकरी. जिथे पुढे काळा येणार तिथेही विटकरी खाली आहेच. तिसरं काळ्याचं: खांदे, पाठीमागचा भाग, शेपूट, डोळा. म्हणजे प्रत्येक खालचा रंग वरच्याच्या पोटात शिरलेला. शीट तीन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तरी भिंत उघडी पडायचा प्रश्नच नाही.

एक प्रश्न मात्र राहत होता, बाहेरच्या कडेचा. विटकरी किंवा काळं शीट सरकलं तर ते आकृतीच्या बाहेर, हिरव्या भिंतीवर सांडणार. यावरचा तोडगाही पाट्यांच्या कामातलाच: बॉर्डर. वरच्या दोन्ही शीटांचे आकार आकृतीच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटर आत घेतले, त्यामुळे सगळ्या शेकरूभोवती आयव्हरीची बारीक किनार राहिली. ती कुठे चार मिलिमीटर, कुठे आठ. पण डोळ्याला ती उन्हात चमकणाऱ्या केसांसारखी दिसते, चूक वाटत नाही. शिवाय हिरव्या भिंतीवरून प्राणी पुढे आल्यासारखा वाटतो.

डोळ्याने आमची चांगलीच परीक्षा घेतली. काळ्या डोळ्याभोवती फिकट कडं हवं होतं. ते खालच्या आयव्हरीतूनच दिसू द्यायचं म्हटलं तर विटकरी शीटमध्ये तेवढी चकती बेट म्हणून टांगून ठेवावी लागणार. त्या मुलीने जपानी कातागामीचं वाचलं होतं. कापड छापायच्या त्या कागदी साच्यांत सुटे तुकडे जागच्या जागी राहावेत म्हणून रेशमाचे धागे घालत. तिने मासे पकडायचा तंगूस आणला, चार दिशांनी ताणला आणि दोन पातळ शीटांच्या मध्ये चिकटवून चकती अधांतरी लटकवली. स्प्रेचे कण इतक्या बारीक दोऱ्याच्या मागेही पोचतात, त्यामुळे दोऱ्याची खूण उठली नाही. फार सुंदर दिसत होतं ते. पण सहा खणांत, दोन्ही अंगांनी वापरून, पुसून, ते टिकेल याची खात्री कोणालाच देता येईना. शेवटी दुसरा मार्ग घेतला: विटकरी आणि काळा सरळ डोळ्यावरून जाऊ दिले आणि चौथ्या शीटमध्ये आयव्हरीचं अर्धवट कडं, डोळ्यातला ठिपका आणि मिशा कापल्या. कडं पूर्ण गोल न ठेवता दोन ठिकाणी तोडलं, म्हणजे ते तुटलेले भाग हेच पूल झाले. रंग तीनच राहिले, शीट चार.

रंगांचीही एक गाठ सोडवायची होती. स्प्रेच्या डब्यात दोन रंग मिसळून तिसरा करता येत नाही. दुकानात जे आहे तेच तुमचं पॅलेट. मी आधी फोटोतून चार छटा काढल्या आणि मग त्या शोधत दुकानं फिरले, ते उलटं होतं. गाड्यांसाठीच्या स्प्रेमध्ये तपकिरी मिळाला तो चॉकलेटसारखा आणि चकचकीत. काकांनी रेड ऑक्साइड प्रायमरचा डबा पुढे केला, लोखंडाला गंज चढू नये म्हणून मारतात तो. मॅट, दाट, एका हातात झाकणारा, आणि रंग अगदी शेकरूच्या पाठीचा. डबे हातात आल्यावर फोड त्यांच्यानुसार बेतली. पाठ आणि खांदे यांच्यामधली गडद तपकिरी छटा कुठल्याच डब्यात नव्हती. ती काळा डबा दीड-दोन फुटांवरून नुसता भुरभुरवून, ओल्या विटकरीवर धूळ बसावी तशी मिळवली. त्यासाठी वेगळं शीट लागलं नाही.

शेपटीचं टोक हा बदल मुलांमुळे झाला. नवीन आराखडा वर्गाच्या फळ्यावर लावला होता. चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “शेपटीचं टोक काळं का?” दक्षिणेकडच्या शेकरांचं शेपूट काळपट असतं. भीमाशंकरच्या शेकरूची शेपूट टोकाकडे फिकट, पांढरट होत जाते, हे त्यांनी प्रकल्पात लिहिलेलं होतं. आमच्या फोटोत टोक सावलीत होतं आणि संगणकाने ते काळ्यात टाकलं होतं. काळ्या शीटमधून टोक काढून टाकलं.

शीट आणि कापणी

कार्ड बाद झालं होतं. जुने एक्स-रे फार कामाचे असतात, पक्के आणि लवचीक. पण सर्वांत मोठा चौदा बाय सतरा इंचांचा, म्हणजे एका शीटला अनेक जोड, आणि जोड आला की कडा उचलली जाते. लेझरने कापून आणायचा विचार केला होता. एकाने घरचा फ्लेक्स घेऊन जा म्हणून सुचवलं. लेझरवाल्याने तो हातात घ्यायलाही नकार दिला आणि तो बरोबर होता. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, लेझरने जळताना त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो. शेवटी १९० मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म घेतली. लेझरच्या यंत्राचं टेबल आमच्या मापाला पुरत नव्हतं म्हणून हातानेच कापली.

कापताना दोन सवयी उपयोगी पडल्या. बारीक नक्षी आधी, मोठी भोकं शेवटी. मोठं भोक आधी पाडलं की शीट लुळं पडतं आणि मिशांपाशी पातं ओढलं की सगळंच ओढलं जातं. आणि वळणावर हात न वळवता शीट फिरवायचं. खाली काच, वर दिवा, पात्याचं टोक जरा बोथट वाटलं की लगेच मोडून नवीन.

चारही शीटं बाहेरून एकाच मापाची ठेवली आणि एकावर एक रचून, क्लिपा लावून, तापलेल्या खिळ्याने चारींतून एकदम तीन भोकं पाडली. दोन वर, एक खाली. जागा मिळवायची ती या भोकांवरून.

भिंतीवर

सहाही खणांत काकांनी पुट्टी मारून घासली. बाहेरचा प्रायमर आणि वर हिरव्याचे दोन हात. याने दोन दिवस खाल्ले, पण रवाळ भिंतीवर काम करण्यापेक्षा परवडलं.

खणात शीट कुठे लावायचं हे ओळंब्याने आणि निळीत भिजवलेल्या दोरीने सूत मारून ठरवलं. पहिलं शीट लावलं की तिन्ही भोकांखाली मास्किंग टेपचा एकेक तुकडा. आयव्हरी मारताना त्या भोकांतूनही एक फवारा. शीट काढलं की टेपवर तीन नेमके ठिपके. पुढचं शीट आणायचं, भोकांतून ठिपके दिसले की टेकवायचं. शेवटी टेप सोलून काढली की भिंतीवर काही खूण नाही. याने चूक दोन-तीन मिलिमीटरच्या आत आली आणि तेवढी चूक पोटात घ्यायची सोय फोडीत केलेलीच होती.

शनिवारी सकाळी आठला हजर होतो, पण काकांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, दहापर्यंत थांबा. डिसेंबरात पुण्यात पहाटे दव पडतं, भिंत गार आणि ओलसर असते. त्यावर स्प्रे मारला की रंग पांढुरका पडतो, धरतही नाही. मागच्या रविवारी टाकीजवळ रंग मळकट दिसला त्यात थोडा हात याचाही असणार. दहाला सुरू केलं. डबा अंगठ्याने नाही, मनगटाने दोन मिनिटं खडखडवायचा. वीतभर अंतरावरून, भिंतीला काटकोनात, आडवा हात आकृतीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवायचा. तिरका फवारा शीटच्या कडेखाली घुसतो. एक जाड हात देण्यापेक्षा तीन विरळ, मध्ये पाच-सात मिनिटं. कोणीतरी एकजण लाकडी पट्टीने फवाऱ्याजवळची कड दाबून धरायचा, कारण मिशा आणि कान हवेने थरथरतात.

साडेबाराला चौथं शीट उचललं. सगळ्यांत शेवटी ठिपका आला आणि त्या क्षणी शेकरू आमच्याकडे पाहायला लागलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. फाटकापाशी आलेल्या बाई काही न बोलता उभ्या राहिल्या. मग काकांनी त्याच्या पायाखाली एका दमात फांदी ओढली, ब्रशने, कुठलीही खूण न करता, आणि आमचा साचेबंद प्राणी त्या फांदीवर बसला.

तीन शेकरं उजवीकडे तोंड करून, तीन डावीकडे. डावीकडच्यांसाठी शीट उलटं करायचं. पहिल्या तिघांनंतर लगेच उलटलं ही चूक झाली. वरून कोरडा वाटणारा रंग आत ओला होता, तो भिंतीला चिकटला आणि चौथ्या शेकरूच्या खणात शीट सोलताना हिरव्याचा तुकडा घेऊन आला. त्या खणाची डागडुजी करून तो दुसऱ्या दिवसावर ढकलला. रात्रभर शीटं दोरीवर वाळत घातली, मग काही त्रास झाला नाही.

काय निष्पन्न झालं

दोन शनिवार-रविवार मिळून सहाही झाली. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुलं भिंतीला पाठ लावून आपली उंची शेकरूशी मोजत होती.

जाहिराती चिकटवणं त्या सहा खणांवर थांबलं. फक्त फांदीच्या खणांवर दोनदा चिकटवल्या गेल्या.

पावसाळ्यानंतर दोन गोष्टी दिसल्या. सहाव्या शेकरूच्या खणावर छताच्या पन्हळीचं पाणी पडायचं. तिथे पुट्टी फुगली आणि शेकरूचे मागचे पाय खपल्यांसकट गेले. ती ओल आम्हाला डिसेंबरातही दिसत होती. दुसरी गोष्ट, सगळ्यांचाच विटकरी रंग हाताला पावडर लागावी असा झाला. रेड ऑक्साइडची भुकटी उन्हाला पक्की असते, तिचा रंग उडत नाही. पण प्रायमर हा वरचा थर म्हणून बनवलेला नसतो, त्याचा बांधणारा द्राव उन्हाने भुसभुशीत होतो. रंग मिळाल्याच्या आनंदात त्यावर संरक्षक थर द्यायचं आम्ही विसरलो.

आज पुन्हा करायचं तर

पहिली भेट काकांसोबत करेन, फोटो संगणकावर घेण्याआधी. आम्ही चार संध्याकाळी कापलेलं कार्ड वाचलं असतं. त्यांची मजुरी आम्ही नंतर वाढवली, पण ती पहिल्यापासूनच चित्रकाराची ठरवायला हवी होती.

डबे आधी घेईन आणि फोड नंतर करेन. चाचणी मागच्या भिंतीवर नाही तर त्याच भिंतीच्या एका खणात, त्याच पुट्टीवर घेईन, कारण वेगळ्या पृष्ठभागावरची चाचणी अर्धंच सांगते. पन्हळीखालचा खण सोडून शेजारचा घेईन, ओळीतला ताल थोडा बिघडला तरी चालेल. प्रायमर वापरलाच तर वर मॅट पारदर्शक लाखेचे दोन विरळ हात देईन.

एका बाबतीत सरांचं आणि माझं अजून जुळत नाही. त्यांच्या मते काळ्यापासून सुरुवात करून फिकट रंग वर चढवायला हवे होते, म्हणजे सावल्या आपोआप खाली राहिल्या असत्या. त्या पद्धतीनेही उत्तम कामं होतात. पण त्याला फिकट रंग चांगला झाकणारा लागतो आणि आम्हाला मिळालेली आयव्हरी काळ्यावर तीन हातांनंतरही राखाडी दिसत होती, हे मी पत्र्यावर मारून पाहिलं होतं. चांगली आयव्हरी मिळाली तर एक शेकरू त्यांच्या पद्धतीने करायचं, असं ठरलं आहे.

त्याला खणही तयार आहे. ऑक्टोबरात संस्थेने पन्हळ वळवून घेतली, काकांनी सहाव्या शेकरूच्या खणाची पुट्टी खरवडून नवीन भरली. चारही शीटं शाळेच्या कपाटामागे उभी ठेवलेली सापडली, विटकरी आणि काळ्याच्या जाड कडा सोलल्यावर नव्यासारखी निघाली. फक्त चौथ्यातल्या मिशांपैकी एक फाटली आहे. मुलांनी कापडावर छापताना ओढली. तिला दोन्ही बाजूंनी टेप लावून ठेवली आहे.